शिळा बर्फ

मे महिन्यात अंबडच्या शेडमध्ये
रेझिन डब्यातच घट्ट होऊ लागतं.
हार्डनर थेंबाथेंबानं मोजायचं,
दम्याच्या औषधासारखं.

तिथे आली ती जोडी, सफरचंदाच्या ट्रकमधून,
कुणाच्या तरी ओळखीनं, मनालीहून.
काझी मिस्त्री म्हणाले, वल्ही दिसतायत.
मी म्हटलं, घसरगुंडी आहे, उभी फाडलेली.
मालक म्हणाला, स्की. बर्फावरच्या. टाचेखालची चीर बुजव.

बुजवली.
मॅटचे तीन थर, वर जेलकोट.
निळ्याला निळा काही जुळेना,
शेवटी चिमूटभर पांढरा घातला.
तळ इतका घासला
की माशी बसली तर घसरेल.
माशी बसली. घसरली नाही.

पुढच्या वर्षी प्रमिलाची भिशी लागली
आणि आम्ही नाशिकरोडहून निघालो:
अठरा माणसं, एक आचारी,
दोन पोती कांदे, कारण तिकडचा कांदा
आचाऱ्याच्या मनाला येत नाही.

रोहतांगला वर पोचल्यावर कळलं,
बर्फ पांढरा नसतो,
निदान जूनच्या तोंडावर नसतो.
लग्न होऊन चार दिवस झाले
आणि मांडव कुणी सोडवला नाही,
तसा पडून असतो.
कडेनं डिझेलची काजळी, कणसांची बुरकुंडं,
वेफर्सच्या पिशव्या,
आणि पोटातून वाहणारं पाणी,
जे कान दिल्याशिवाय ऐकू येत नाही.
एका कुशीत तेवढा, जिथे ऊन
दुपारी जेमतेम डोकावून जातं,
दोन वाफ्यांएवढा उतार शिल्लक होता.
सगळा देश त्याच्यावर उभा.

भाड्याच्या कोटात आधीच्या माणसाची ऊब होती.
हुकम राम नावाच्या गड्यानं माझा बूट हातात घेतला.
कहाँ से? नाशिक.
अच्छा, कुंभवाले.
मी म्हटलं, कांदेवाले भी.
आणि पाय द्यायच्या आधी
रांगेतल्या बावीस जोड्या एकेक उलटी करून पाहिली.
निळ्या होत्या. चिरलेल्या होत्या.
एकीला तर सायकलच्या ट्यूबची पट्टी.
माझा डाग कुठेच नव्हता.
क्या ढूँढते हो, बाबूजी?
आता याला काय सांगायचं.

घुटना मोड़ो, तो म्हणाला. पहाड़ से लड़ो मत.
पाठीवर हात ठेवला
आणि काढून घेतला.

अकरा सेकंद.
प्रमिलानं मोबाइलवर घेतलेत, म्हणून आकडा नक्की.
पहिली तीन घाबरण्यात गेली,
शेवटची चार पडण्यात.
मधल्या चारांत
एकोणतीस वर्षं शेडमध्ये उभे राहिलेले पाय
काहीही न करता पुढे गेले.

पडलो तिथे बर्फाला भोक पडलं.
आत काळी माती, आणि एक पातं,
केव्हाचंच हिरवं झालेलं,
कुणाला न विचारता.
पंद्रह दिन और, हुकम राम म्हणाला.
फिर?
फिर घोड़ा, म्हणाला, आणि हसला.
बरोबर आहे. सीझन बदलला की अवजार बदलायचं.

आज इथे बेचाळीस आहे.
पाथर्डी फाट्यावर रसवंतीची लादी चाललीय हातगाडीवरून,
गोणपाटाखाली, रस्त्यावर ओली रेघ ओढत.
रेघ मागून सुकत येते.
सिग्नल सुटेपर्यंत मी तिच्यावर हात ठेवून उभा.
घ्यायचाय का, शेठ?
नाही.

रविवारी पांडवलेण्याला जातो.
चढताना सगळ्यांसारखाच.
उतरताना मात्र पायऱ्या सोडून
कडेच्या वाळल्या गवतावरून,
गुडघे मोडून, दोन्ही हात जरा पुढे,
डोंगराशी न भांडता.
ऋतिका खाली उभी राहून बघते.
पप्पा, गुडघे दुखतात का?
मी हो म्हणतो.
तेवढं सोपं पडतं.